बाटली चांगलीच होती

लॅबमध्ये तिला सगळे लवंगी म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तळमजल्यावरच्या त्या लॅबच्या भिंती पातळ होत्या आणि तिचे कान तिखट. अंगानं एवढीशी आणि फुटली की कानठळ्या बसवणारी, म्हणून लवंगी. खरं सांगायचं तर तिला ते नाव मनापासून आवडायचं. डॉक्टर होऊन, वर प्रतिकारशक्तीच्या शास्त्रात आणखी काही वर्षं घासून ती या हॉस्पिटलात आली होती. नोकरी करारावरची. ती कायम होणार की नाही हे सरांच्या हातात होतं, आणि सर म्हणजे ही लॅब शून्यातून उभी केलेला माणूस. रक्ताच्या थेंबात काय काय दडलेलं असतं ते बघायला तिला सरांनीच शिकवलं होतं. तिच्या तोंडाळपणाचा त्यांना राग येई आणि तिच्या कामाचा अभिमान वाटे, आणि या दोन्हींत अभिमानाचं पारडं आजवर जड राहिलं होतं.

त्या दिवशी सकाळी मुलांच्या वॉर्डातून रक्ताची एक नळी आली. मूल दीड वर्षाचं. न्यूमोनिया घेऊन आलेलं, तेही पहिल्यांदा नव्हे. तोंडात पांढरी बुरशी, पोट सतत बिघडलेलं, वजन जन्मापासून रडतखडत वाढलेलं. प्रतिकारशक्तीच्या पेशी मोजून द्या, असं वॉर्डानं लिहिलं होतं.

मोजायची रीत अशी. फ्रिजमध्ये लहान लहान बाटल्या असतात आणि प्रत्येकीत एकेक रंगीत द्रव्य. एक द्रव्य पेशीच्या अंगावरच्या एकाच खुणेला चिकटतं, दुसऱ्या कशाला नाही. रक्तात ते थेंब टाकायचे, नळ्या अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या, मग मशीनमधून पेशी एकामागून एक लेझरच्या झोतापुढून न्यायच्या. ज्या पेशीवर खूण असते ती उजळते आणि पडद्यावर ठिपका उमटतो. हे सगळं लॅबचे जुने टेक्निशियन, ज्यांना सगळे काका म्हणत, ते झोपेतही करू शकले असते.

"डीआर फेल गेलाय," काका पडद्याकडे बघत म्हणाले. "एकही ठिपका नाही. बाटली गेली वाटतं."

आता डीआर म्हणजे काय, हे इथेच सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. आपल्या शरीरात काही पेशी अशा असतात की त्या आत शिरलेला जंतू गिळतात, आतल्या आत त्याचे बारीक तुकडे करतात आणि त्यातला एक तुकडा स्वतःच्या अंगावरच्या एका ताटलीत ठेवून बाहेर धरतात. टी पेशी नावाच्या लढाऊ पेशी फिरत फिरत येतात, ताटलीतला तुकडा चाचपतात, आणि ज्या टी पेशीशी तो जुळतो ती पेटून उठते. शत्रू कोण हे टी पेशीला स्वतःहून कळत नाही; कुणीतरी तिला ताटलीत घालून दाखवावं लागतं. डीआर हे त्या ताटलीचं नाव. ती प्रत्येक माणसात असते. इतकी ठरलेली की त्या लॅबमध्ये डीआर आहे का, असा प्रश्न कुणी विचारतच नसे. डीआर उजळला म्हणजे द्रव्य ताजं आणि मशीन ठीक, एवढाच त्याचा उपयोग. नाही उजळला तर बाटलीला दोष द्यायचा, ती ओळ रिपोर्टातून गाळायची आणि बाकीचे आकडे पाठवून द्यायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

लवंगीनंही तेच केलं. बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली, नवीन फोडली, पुन्हा थेंब टाकून नळी अंधारात ठेवली आणि चहाला गेली.

परत आली तर दुसऱ्या बाटलीनंही पडद्यावर काळोखच. काका म्हणाले, "आख्खी पेटीच खराब आलेली दिसते." ती "हं" म्हणाली आणि सवयीनं सकाळचे बाकीचे नमुने चाळू लागली. त्यात सकाळीच पहिल्या बाटलीनं रंगवलेला एका म्हाताऱ्या पेशंटचा नमुना होता. त्याचा डीआर लख्ख उजळला होता.

लवंगी खुर्चीतून उठली ती थेट कचऱ्याच्या डब्यापाशी. हातमोजे चढवून तिनं आत हात घातला आणि मघाची बाटली बाहेर काढली.

"अहो काय करताय?" काका ओरडले.

"काका, बाटली चांगली आहे."

"मग?"

"मग पोरात काहीतरी आहे. किंवा नाहीये."

तिनं कॉम्प्युटरवर त्या मुलाचा जुना रिपोर्ट काढला. काही महिन्यांपूर्वीचा. टी पेशी: पुरेशा. एक जात थोडी कमी, ताप असल्यामुळे असावी. डीआरची ओळ गाळलेली, शेजारी शेरा: स्टेन फेल, म्हणजे रंग धरला नाही. खाली दोन सह्या, त्यातली मोठी सरांची. तिनं लगेच वॉर्डाला फोन लावून त्या पोराचं रक्त पुन्हा मागवलं. त्या रिपोर्टाच्या भरवशावर वॉर्डानं त्या पोराला "काही नाही, अशक्तपणा आहे" म्हणून घरी धाडलं होतं.

थोड्या वेळानं दार धाडकन उघडलं. नातेवाइकांना आत यायला मनाई, अशी पाटी त्या दारावर होती, पण आलेल्या बाईनं ती वाचली असली तरी मनावर घेतलेली दिसत नव्हती. अंगावर शहर बसच्या ड्रायव्हरचा गणवेश, डोळे तारवटलेले.

"रक्त तपासणारे तुम्हीच ना?" ती म्हणाली. "नर्स म्हणते परत एकदा रक्त द्या. सकाळचं काय झालं? सांडलंत?"

"सांडलं नाही. तुम्ही गुंड्याच्या आई?" वॉर्डातून आलेल्या नळीवर कुणीतरी पेन्सिलीनं तेच नाव खरडलं होतं.

"हो, गुंड्याची आई. त्याच्या हातात आता शीर सापडत नाही, मॅडम. सुई टोचायला गेलं की तो रडतसुद्धा नाही, नुसता बघतो. तर परत रक्त कशासाठी हवंय ते मला कळेल असं सांगा. नाहीतर थेंब मिळायचा नाही."

लवंगीला बाई एकदम पटली. स्टूल पुढे ओढत ती म्हणाली, "बसा. अजून खात्री नाही, हे आधीच सांगते. पण मला काय वाटतंय ते सांगते."

मग तिनं ते जंतू गिळणं, तुकडे करणं, ताटली आणि टी पेशी सगळं सांगितलं. मोठमोठे शब्द बाजूला ठेवून, हातवारे करून. "तुमच्या गुंड्याच्या पेशी जंतू गिळतात. तुकडेही करतात. पण ताटलीच बाहेर येत नाही, असा मला संशय आहे. टी पेशी आहेत, भरपूर आहेत, म्हणून मोजणीत सगळं ठीक दिसतं. पण त्यांना कुणी काही दाखवतच नाही."

बाई म्हणाली, "म्हणजे डेपोतून बस निघालीये, डिझेल भरलंय, ड्रायव्हर बसलाय, पण पुढं पाटीच लावलेली नाही. स्टॉपवर माणसं उभी आहेत, बघतात, आणि चढत कोणीच नाही."

"अगदी तसंच," लवंगी म्हणाली. इतकं नेमकं तिला स्वतःला आजवर सुचलं नव्हतं आणि याचा तिला किंचित हेवाही वाटला.

"आणि वरचे मोठे डॉक्टर मला सांगतात, घरात स्वच्छता ठेवा. ड्युटीवरून आल्यावर हात धुवा. बसमध्ये शंभर माणसांचे जंतू, ते तुम्ही घरी आणता." बाईनं दोन्ही हात पुढं धरले. फिनाइलनं घासून घासून कातडी सोलवटली होती, बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या. "सासूबाई माझ्या हातचं त्याला पाणी पाजू देत नाहीत. मी माझ्या पोराला उचलताना हातमोजे घालते, मॅडम."

लवंगीला राग आला की आधी घसा बसायचा आणि मग तो मोकळा झाला की समोरच्याची खैर नसायची. पण समोर ही बाई होती, आणि हिच्यावर कसला राग काढायचा! ती एवढंच म्हणाली, "मला रक्त द्या. थोडंसंच. एक आठवडा द्या."

"दिलं," बाई म्हणाली आणि उठली. दाराशी वळून म्हणाली, "पण नुसतं बघून गप्प बसायचं असेल तर आत्ताच सांगा."

सर दुपारी आले. लवंगीनं त्यांना पोराचा आणि म्हाताऱ्याचा, दोन्ही पडदे दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"बाटली," ते म्हणाले.

"त्याच बाटलीनं दुसऱ्या पेशंटचा उजळलाय, सर."

"मग थेंब टाकताना चुकलं असेल. असली मुलं मी आख्ख्या नोकरीत एकदाही पाहिली नाहीत. पुस्तकात वाचली आहेत. उद्या तू म्हणशील, हत्ती आलाय लॅबमध्ये."

"सर, बाही वर करा."

काकांच्या हातातली नळी पडता पडता राहिली. या लॅबमध्ये सरांना बाही वर करायला सांगणारं माणूस अजून जन्माला आलं नव्हतं.

"काय म्हणालीस?"

"तुमचं रक्त द्या. माझंही घेते. गुंड्याचं मधे ठेवू. एकच बाटली, एकच मशीन, थेंब तुम्ही स्वतः टाका. मी हात लावत नाही."

सर क्षणभर तिच्याकडे टक लावून बघत राहिले. ते अहंकारी होते, पण भित्रे नव्हते. त्यांनी कोट काढला, बाही दुमडली आणि म्हणाले, "काका, घ्या." आणि मग खरोखरच, बऱ्याच वर्षांनी, त्यांनी स्वतः थेंब मोजून टाकायची पिपेट हातात धरली. त्यांचा हात अजून स्थिर होता.

पडद्यावर लवंगीच्या पेशी उजळल्या. सरांच्या पेशी उजळल्या. मधल्या नळीत काळोख. जंतू दाखवायचं काम करणाऱ्या बी पेशी होत्या, मोठ्या गिळणाऱ्या पेशी होत्या, सगळ्या आपापल्या जागी होत्या, आणि एकीच्याही अंगावर ताटली नव्हती.

सर बाही खाली करत म्हणाले, "नुसत्या रंगावर एवढं मोठं निदान करता येत नाही. पेशी काम करतात की नाही ते दाखव."

"दाखवते," लवंगी म्हणाली.

पुढचा आठवडा ती त्या प्लॅस्टिकच्या ताटाभोवती घुटमळत होती. चपटं ताट, त्यात बोटाच्या पेराएवढ्या खळग्या, आणि प्रत्येक खळगीत वेगवेगळी जोडी. एका खळगीत गुंड्याच्या टी पेशी आणि त्यांना गदागदा हलवून जागं करणारं एक द्रव्य. त्याला ताटलीची गरज नसते. दुसरीत गुंड्याच्याच पेशी आणि धनुर्वाताच्या लसीतला अंश. ही लस त्याला रीतसर टोचलेली होती, तेव्हा ओळख पटायला हवी. तिसरीत गुंड्याच्या टी पेशी आणि लवंगीच्या दाखवणाऱ्या पेशी. चौथीत उलट: लवंगीच्या टी पेशी आणि गुंड्याच्या दाखवणाऱ्या पेशी. परक्या माणसाची ताटली दिसली की टी पेशी नेहमी भांडणाला उठतात; अवयव बदलताना जो त्रास होतो तो यामुळेच.

उबदार पेटीतून ताट काढून तिनं जेव्हा मोजलं, तेव्हा पहिली खळगी गच्च भरलेली होती. गुंड्याच्या टी पेशी ढकलल्या की धावत होत्या. धनुर्वाताची खळगी ओस. तिसरीत, लवंगीच्या ताटल्या समोर येताच, त्या पोराच्या टी पेशी अशा काही खवळल्या होत्या की बघत राहावं. आणि चौथीत लवंगीच्या टी पेशी जवळजवळ ढिम्म बसून होत्या.

"माझ्या पेशी माझ्यासारख्याच आहेत, काका," ती म्हणाली. "परका दिसला की भांडल्याशिवाय राहायच्या नाहीत. पण इथं भांडायला समोर काही दिसलंच नाही त्यांना."

काका हसले नाहीत. ते खळग्यांकडे बघत हळूच म्हणाले, "म्हणजे पोरगं लढायला तयार आहे की हो."

"तयारच आहे. त्याला कुणी सांगितलंच नाहीये, कुणाशी लढायचं ते."

हे सगळं घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. सरांनी आकडे वाचले. पुन्हा वाचले. त्यांना ते पटले आहेत हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथं फार वेळ टिकला नाही.

"छान काम केलंस," सर म्हणाले. "जनुकांची तपासणी बाहेर पाठवू. ती आली की नवा रिपोर्ट देऊ."

"त्याला महिना लागेल, सर. वॉर्डवाले त्याला आज घरी सोडतायत. ताप उतरलाय म्हणून. आणि घरी गेल्यावर तोंडातून द्यायची जिवंत जंतूंची लस राहिलीये, ती लिहून दिलीये."

सरांनी लगेच फोन उचलला आणि वॉर्डाला सांगितलं की लस देऊ नका. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सर म्हणाले, "नाही, तसं काही नाही, सध्या नको एवढंच." आणि फोन ठेवला.

"तसं काही नाही?" लवंगीचा घसा मोकळा व्हायला लागला होता.

"सोमवारी तपासणीचं पथक येतंय." सर तिच्याकडे न बघता बोलत होते. "लॅबची मान्यता त्यांच्या हातात आहे. त्याच्या तोंडावर आपणच आपला रिपोर्ट चुकीचा ठरवायचा? ते गेले की जुना रिपोर्ट मागे घेऊ. मी शब्द देतो. चार दिवसांत काय आकाश कोसळणार आहे?"

"त्याच्यावर कोसळू शकतं, सर. तुम्हाला माहीत आहे. एक सर्दी पुरेल. तुम्हीच शिकवलंय मला."

"मी नवीन रिपोर्टावर आज सही करणार नाही. आणि माझ्या सहीशिवाय इथून रिपोर्ट जात नाही."

"बरोबर आहे," लवंगी म्हणाली. "जात नाही."

ती आपल्या टेबलापाशी आली. नवा रिपोर्ट द्यायला दोन सह्या लागत, हे खरंच होतं. पण दिलेला रिपोर्ट मागे घ्यायला एकच सही पुरत असे. हा नियम सरांनीच केला होता, लॅब नवी होती तेव्हा: चूक दिसली की कुणीही, अगदी काल लागलेल्यानंसुद्धा, कुणाच्या परवानगीसाठी थांबायचं नाही. नियम चांगला होता. फक्त तो आजवर कुणी वापरला नव्हता, कारण रिपोर्ट मागे घेतला की वॉर्डाच्या कॉम्प्युटरवर लाल पट्टी येते, नवा रिपोर्ट येईपर्यंत पेशंटला सोडायचं नसतं, आणि एक प्रत अधीक्षकांना, एक प्रत तपासणीच्या पथकाला आपोआप जाते. म्हणजे साऱ्या गावभर दवंडी.

तिनं कारणाच्या रकान्यात लिहिलं: "डीआर तपासणी फेल गेली नव्हती. पेशंटच्या पेशींवर डीआर नाही. आम्ही चुकून बाटलीला दोष दिला." काका पाठीमागे उभे होते.

"नोकरी जाईल," ते म्हणाले.

"जाऊ दे."

"लिहिताना 'आम्ही' लिहिलंय. 'मी' लिहा नाहीतर 'सर' लिहा."

"आम्हीच, काका. मीही ती बाटली डब्यात टाकली होती." आणि तिनं बटण दाबलं.

जिन्यानं चढून ती वॉर्डात पोचली तेव्हा तिथं आधीच गोंधळ उडाला होता. कॉटवर गुंड्या बसला होता, पायांत मोजे, अंगात जाड स्वेटर, घरी जायच्या तयारीत. डोळेच काय ते मोठे, बाकी सगळा काडीएवढा. त्याची आई पिशवी भरता भरता थांबली होती, आणि मुलांचे मोठे डॉक्टर नर्सच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बघून लालबुंद झाले होते.

"हा काय पोरखेळ आहे?" ते लवंगीला म्हणाले. "काही महिन्यांपूर्वी नॉर्मल, आज मागे घेतला. नवा कुठाय?"

"नवा आल्यावर देऊ. तोवर त्याला सोडू नका. वेगळ्या खोलीत ठेवा."

"तुमच्या सहीवर? तुमच्या सरांनी मघाशी फोनवर सांगितलं, तसं काही नाही. तुमचं आपसात काय ते ठरवा आणि मग वर या. मला कॉट हवीये. आणि बाई, तुम्ही निघा. घरी गेल्यावर मी सांगितलेली स्वच्छता..."

"मी निघत नाही," गुंड्याची आई म्हणाली.

"काय?"

तिनं पिशवी कॉटखाली सरकवली, पोराला मांडीवर घेतलं आणि कॉटवर मांडी ठोकून बसली. "तुम्हाला कॉट हवी असेल तर आम्हा दोघांना उचलून बाहेर ठेवा. मी रोज गर्दीच्या वेळी बस काढते, डॉक्टर. मला हलवणं सोपं नाही."

लवंगी जाऊन तिच्या शेजारी बसली. कॉट करकरली. शेजारच्या कॉटवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

एवढ्यात सर आले. जिना चढून धापा टाकत, कोटाची बटणं वर-खाली लागलेली. त्यांचा चेहरा असा झाला होता की लवंगीनं तो आजवर पाहिला नव्हता. ते तिच्यावर ओरडणार, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि ते ओरडलेही असते. पण त्यांच्याआधी गुंड्याची आई बोलली.

"पहिल्या रिपोर्टावर सही तुमची होती का?"

सर थबकले. "हो."

"तो चुकला होता?"

मोठे डॉक्टर सरांकडे बघत होते, नर्स बघत होत्या, आणि गुंड्याही बघत होता, कारण आवाज आला की तो बघायचा. सरांना "तपासावं लागेल" म्हणता आलं असतं. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं लवंगीला स्पष्ट दिसलं. तिनं डोळे रोखून त्यांच्याकडे बघितलं.

"चुकला होता," सर म्हणाले. मग मोठ्या डॉक्टरांकडे वळून, एकदम कोरड्या आवाजात, "या मुलाला वेगळ्या खोलीत हलवा. त्याच्या पेशी टी पेशींना काहीच दाखवू शकत नाहीत. अस्थिमज्जा बदलणाऱ्या डॉक्टरांना आजच बोलवा. स्वच्छतेचा याच्याशी काडीचा संबंध नाही. सही हवी असेल तर आणा कागद."

मोठे डॉक्टर नर्सला खोलीचं बघायला सांगून स्वतःच लगबगीनं निघाले. हे मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं की एकदा पटल्यावर त्यांनी एक मिनिट वाया घालवला नाही.

जाता जाता सर लवंगीपाशी थांबले. "कायमच्या जागेचं विसर," ते हळू आवाजात म्हणाले. "मी शिफारस करणार नाही. माझ्या पाठीमागे केलंस हे तू."

"विसरले, सर," ती म्हणाली. तिची मान खाली गेली नाही.

सर गेले. लवंगी तशीच बसून राहिली. शेजारी गुंड्याच्या आईनं पोराचा स्वेटर उतरवला होता.

"मॅडम," तिनं विचारलं, "मग हे झालं कशानं? माझ्या हातांनी नाही, हे कळलं. पण कशानं तरी झालंच असेल ना?"

इथं "नशीब" म्हणून सुटता आलं असतं. बाई दमली होती, आजच्यापुरती जिंकली होती. पण आज दिवसभर ज्यासाठी भांडलो ते खरं बोलण्यासाठीच, आणि आता हिच्याशीच खोटं बोलायचं, हे लवंगीला जमण्यातलं नव्हतं.

"जन्मतःच आहे," ती म्हणाली. "ताटली बनवायचा हुकूम प्रत्येकात दोन प्रतींत असतो. एक आईकडून, एक बापाकडून. तुमच्यातली एक प्रत बिघडलेली असणार, त्याच्या बाबांचीही एक. तुम्हा दोघांना काही झालं नाही, कारण एक चांगली असली की भागतं. गुंड्याच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या."

बाईचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे माझ्यातूनच आलं."

"तुमच्यातून आणि त्यांच्यातून. दोघांनाही न कळता. कुणी काही केलं म्हणून नव्हे."

बाई किती तरी वेळ पोराच्या टाळूवरून हात फिरवत राहिली, उघड्या हातानं. मग तिनं नाक ओढलं. "आणि यावर इलाज?"

"दुसऱ्याच्या हाडांतली मज्जा. ज्याची जुळेल त्याची. चांगल्या ताटल्या बनवणाऱ्या पेशी त्यातून येतील. उपचार कठीण आहे, धोका आहे, तेही सांगून ठेवते. जुळायची सगळ्यात जास्त आशा सख्ख्या भावंडाची."

"याची थोरली बहीण आहे. शाळेत आहे आत्ता."

"चारात एक वेळा जुळतं."

"चारात एक?" बाई ताठ बसली. तिच्या ओल्या डोळ्यांत काहीतरी चमकलं आणि ते रडू नव्हतं. "पुष्कळ झालं. एवढ्या आशेवर तर मी रोज हिरवा सिग्नल पकडते."

तिनं गुंड्याला लवंगीच्या मांडीत ठेवलं, फोन काढला आणि शाळेला लावला. पोर लवंगीच्या कोटाचं बटण धरून तिच्याकडे बघत बसलं. फोनवर बाई सांगत होती की थोरलीला आत्ता सोडा, तिचे बाबा न्यायला येतील, उद्याचंही काही सांगता येत नाही. पलीकडून कारण विचारलं असावं.

"लिहा," ती म्हणाली, "घरचंच काम आहे."